गाणी घेऊन जा, कार्यक्रमाचं बसून ठरवू: आमच्या बँडला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळताना, व्हॉट्सॲपवर आणि कुडाळच्या स्टँडवर चहा पिताना तेच तेच विचारलं जातं, म्हणून एकदाच लिहून ठेवलं आहे. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. एकच उत्तर दोनदा दिलेलं नाही. जिथे क्रमांक दिला आहे तिथे जाऊन वाचा. कायद्याचं जे लिहिलं आहे ते आम्हाला रोजच्या कामात लागतं तेवढंच. मोठा व्यवहार असेल तर वकील गाठा.

१. तुम्ही नक्की काय वाजवता? ऑर्केस्ट्रा, भजन की रॉक?

ऑर्केस्ट्रा नाही. सिनेमाची गाणी आमच्याकडे मिळणार नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. हळदीच्या रात्री फर्माईश आली की सगळ्यांचाच हिरमोड होतो. दोन गिटार, बेस, पेटी, ढोलकी आणि घुमट (मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं तालवाद्य) एवढा सरंजाम. शब्द बहुतेक मालवणीत, थोडे प्रमाण मराठीत, आणि आमचे स्वतःचे. आमच्यातले निम्मे जण डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) ऐकत मोठे झाले, त्यामुळे चाल कुठूनही निघाली तरी शेवटी गजराकडे वळते. काही थोडी गाणी गावागावांतून घेतलेली आहेत. त्यांचा हिशोब वेगळा, तो प्रश्न ८ मध्ये.

२. गाणी खरंच फुकट? यात काही गोम आहे का?

फुकट आहेत. गोम नाही, अटी आहेत. आमच्या स्वतःच्या गाण्यांची सगळी रेकॉर्डिंग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (नाव: सीसी बाय-एनसी-एसए ४.०) दिलेली आहेत. त्याचं साध्या भाषेत एवढंच: उतरवून घ्या, वाटा, गा, बदला, पण आमचं नाव द्या, त्यातून धंदा करू नका, आणि गाण्यात बदल करून नवीन काही केलंत तर तेही याच अटींवर इतरांना द्या.

फुकट का, हे विचारणारे बहुतेक व्यवहारी लोक असतात, म्हणून उत्तरही व्यवहाराचंच देतो. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत गाणं किमान एक हजार वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे पैसेच धरत नाहीत, आणि एक वेळ मोजली जायला ३० सेकंद ऐकावं लागतं. हजाराचा उंबरा ओलांडल्यावर हातात येतं त्यात गिटारच्या तारांचा एक संचही धड येत नाही. तेच गाणं वेंगुर्ल्याच्या सिक्स सीटर रिक्षामध्ये दिवसभर वाजलं तर पुढच्या जत्रेला त्या वाडीतून बोलावणं येतं. आमचं पोट कार्यक्रमावर आहे. रेकॉर्डिंग कुलूप लावून ठेवण्यात आम्हाला फायदा दिसत नाही.

३. आमच्याकडे रेंज येत नाही. गाणी मिळवायची कशी?

पेनड्राइव्ह घेऊन कार्यक्रमाला या. स्टेजच्या बाजूला टेबलावर लॅपटॉप असतो, तिथला मुलगा भरून देईल. त्याचे पैसे नाहीत.

गाडीच्या जुन्या डेकसाठी पेनड्राइव्ह लागत असेल तर तसं त्याला सांगा. जुने डेक फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचतात, फ्लॅक फाईल (आवाजाचा दर्जा न घटवणारी, आकाराने मोठी) ओळखत नाहीत आणि देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दाखवतात. म्हणून गाडीच्या संचात ३२० केबीपीएसच्या एमपीथ्री असतात, फाईलची नावं रोमन अक्षरांत आणि पुढे क्रमांक. घरी चांगल्या स्पीकरवर ऐकणाऱ्यांसाठी फ्लॅकचा संच वेगळा आहे. व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाईल आहे तशी पोचते.

४. लग्नाच्या व्हिडिओत, बारशाच्या रीलमध्ये, शाळेच्या गॅदरिंगला तुमचं गाणं वापरलं तर चालेल?

चालेल. विचारायचीही गरज नाही. नाव तेवढं टाका.

एक बारकावा आहे. परवान्याच्या भाषेत चित्रावर गाणं बसवणं म्हणजे गाण्यात बदल करणंच, म्हणजे तुमचा व्हिडिओही त्याच परवान्याखाली यायला हवा. घरगुती व्हिडिओला ही अट आम्ही लावत नाही. तुमच्या मुलीच्या हळदीचा व्हिडिओ जगाने कापून जोडून वापरावा असं आम्हाला वाटत नाही. माहितीपट, लघुपट वगैरे असेल तर मात्र अट लागू आहे. ती नको असेल तर बोला, वेगळी परवानगी लिहून देऊ.

५. आमचं होमस्टे आहे. तारकर्लीच्या रीलला तुमचं गाणं लावलंय. हा धंदा झाला का?

झाला. सगळ्यांत जास्त ताणाताणी याच प्रश्नावर होते, म्हणून आमची रेघ कुठे आहे ते स्पष्ट सांगतो. खोलीचा दर, बुकिंगचा नंबर किंवा धंद्याचं नाव ज्या व्हिडिओत आहे तो व्यावसायिक. तुमच्याकडे उतरलेल्या पाहुण्याने स्वतःच्या खात्यावर टाकलेला व्हिडिओ व्यावसायिक नाही, मग त्यात तुमचं अंगण दिसो की खानावळ. मासेमारीच्या बोटीवरचे व्हिडिओ टाकून जाहिरातींचे चार पैसे मिळवणारी पोरं आहेत; त्यांना आम्ही अडवत नाही. कायद्याने बघायला गेलं तर तिथे वाद घालता येईल, पण आम्हाला तो घालायचा नाही.

होमस्टेवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. आम्हाला कळवलंत तर बहुतेक वेळा पैसे न घेताच लेखी परवानगी देतो. मोठ्या रिसॉर्टकडून आणि बांधकामवाल्यांकडून घेतो. आधीच लावून बसला असाल तर काढा किंवा कळवा. परवान्याची जी ४.० आवृत्ती आम्ही वापरतो तिच्यात सोय आहे की उल्लंघन लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलं तर परवाना आपोआप पुन्हा लागू होतो.

६. यूट्यूबवर तुमचं गाणं वापरलं तर कॉपीराइट क्लेम आला. तुम्हीच टाकलात ना?

आम्ही नाही. गाणी ॲपवर चढवणाऱ्या वितरकाकडे देताना ‘कंटेंट आयडी’ची (यूट्यूबवर गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेची) खूण आम्ही मुद्दाम काढलेली आहे. एकीकडे वाटा म्हणायचं आणि दुसरीकडे यंत्राला पहाऱ्यावर बसवायचं, हे जमणारं नाही.

तरी क्लेम येतात. कुणीतरी आमच्या गाण्याचा रिमिक्स करतो, तो दुसऱ्या वितरकामार्फत स्वतःच्या नावाने चढवतो, आणि मग यंत्र आमच्या मूळ गाण्यालाच चोर ठरवतं. पारंपरिक चालींच्या बाबतीत तर दोन वेगळ्या मंडळांची गाणीही यंत्राला एकच वाटू शकतात. अशा वेळी यूट्यूबवर ‘डिस्प्यूट’ करा, कारणात परवान्याचं नाव लिहा आणि आम्हाला कळवा. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्याने काही केलं नाही तर क्लेम सुटतो.

७. उद्या तुम्ही मोठे झालात आणि गाणी परत मागितलीत तर?

मागता येणार नाहीत. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. आम्ही पुढे वितरण थांबवू शकतो, पण ज्याने आज घेतलं त्याचा हक्क राहतो.

यालाच जोडून विचारतात की आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे) सभासद का होत नाही, रॉयल्टी तरी मिळेल. मिळेल, आणि सिनेमासाठी लिहिणाऱ्यांनी, ज्यांची गाणी वाहिन्यांवर आणि हॉटेलांत वाजतात त्यांनी जरूर व्हावं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्यानेच राखून ठेवलेला आहे. पण सभासद होताना सार्वजनिक सादरीकरणाचे हक्क संस्थेच्या नावे करावे लागतात. मग एखाद्या वाडीतल्या मंडळाला ‘गा रे, पैसे नकोत’ म्हणण्याचा अधिकार आमच्या हातात उरत नाही. आम्हाला तो हवा आहे.

८. लोकगीत तर कुणाचंच नसतं. मग तुम्ही गावाची परवानगी कशाला घेत बसता?

कारण बहुतेक वेळा ते कुणाचं तरी असतंच.

आपल्याकडे नमन-खेळ्यांतली (कोकणातल्या लोकनाट्यातली) गवळण किंवा शक्ती-तुऱ्यातलं, म्हणजे जाखडीच्या नाचगाण्यातलं, पद ‘पारंपरिक’ म्हणून फिरतं, पण ते लिहिणारा शाहीर गावाला माहीत असतो. कधी तो अजून हयात असतो, कधी त्याचा मुलगा मंडळात मृदंग वाजवत असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे गीताचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे एखादा शाहीर १९७० मध्ये वारला असेल तर त्याची पदं २०३० सालच्या डिसेंबरअखेरपर्यंत त्याच्या वारसांची आहेत. त्यांनी कधी कागद केला नाही म्हणून हक्क जात नाही.

जाखडीच्या पदाच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं, आपल्या गुरूचं आणि बऱ्याचदा गावाचं नाव गुंफतो. आता स्टुडिओत बसून गाणं तीन-साडेतीन मिनिटांत बसवायचं म्हटलं की कात्री आधी कुठे लागते? शेवटच्या कडव्याला. ते कडवं कापलं की गाणं ‘पारंपरिक’ झालं! शहरातल्या कितीतरी ‘कोकणी फोक’ रेकॉर्डिंगमध्ये हेच झालेलं ऐकू येतं, आणि त्यावर ‘संगीत’ म्हणून भलत्याचंच नाव असतं. आमचा नियम सोपा आहे: शेवटचं कडवं कापायचं नाही. गाणं साडेसात मिनिटांचं झालं तर होऊ दे. रील बनवणाऱ्यांना ते गैरसोयीचं आहे, याची कल्पना आहे.

म्हणून गावातून घेतलेली गाणी क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये नाहीत. ती आम्ही गातो, रेकॉर्डिंग ऐकायला ठेवतो, पण ‘वाटा आणि बदला’ असं सांगण्याचा हक्क आमचा नाही. तुम्हाला ती वापरायची असतील तर आम्ही मंडळाशी गाठ घालून देऊ, पुढचं तुम्ही आणि ते. कार्यक्रमात असं गाणं झालं तर मानधनातला एक वाटा मंडळाला जातो, आणि गाण्याआधी गावाचं आणि शाहिराचं नाव माइकवर घेतलं जातं. जिथे खरोखरच कुणाला कर्ता आठवत नाही, तिथे निदान गाव तरी सांगतो.

९. मग तुकारामांचा अभंग? तो तरी मोकळा आहे ना?

शब्द मोकळे आहेत, कुणीही गावेत. चाल मोकळी असेलच असं नाही. रेडिओवर आणि कॅसेटवर ऐकून आपल्या कानात बसलेल्या बऱ्याच चाली विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या आहेत आणि त्यांच्या हक्कांची मुदत अजून चालू आहे. भजनी मंडळाने आरतीनंतर म्हणणं वेगळं (प्रश्न १७) आणि रेकॉर्ड करून चढवणं वेगळं. आम्ही अभंग घेतला तर चाल नवीन बांधतो किंवा वारकरी परंपरेतली घेतो.

१०. कार्यक्रमात आज्या ओव्या म्हणतात, त्यांचं रेकॉर्डिंग का देत नाही?

त्यांनी नको म्हटलं म्हणून. चार माणसांत म्हणायला त्या तयार आहेत, मोबाइलमध्ये कायमचं बसायला नाहीत. ओवीत सासरची माणसं येतात, नावानिशी येतात. कायद्यानेही कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. पण इथे कलम काढायची वेळ येऊ नये. त्या बसल्या की मोबाइल खाली ठेवा.

११. फुकट नको, पैसे द्यायचेच आहेत. कसे देऊ?

कार्यक्रमात टेबलावर यूपीआयचा क्यूआर लावलेला असतो. परदेशातल्यांसाठी बँडकॅम्प आहे. ते डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वर पैसे पोचवण्याचं शुल्क कापून घेतात, बाकीचं आम्हाला मिळतं. सीडी आता काढत नाही. टी-शर्ट कधी असतात, कधी संपलेले असतात.

१२. कार्यक्रमाचे किती घेता?

आकडा इथे लिहीत नाही, कारण जवळच्या दोडामार्गचा आणि लांबच्या मंडणगडचा आकडा एक असू शकत नाही. तीन भाग असतात: प्रवास आणि मुक्काम, साउंड, आणि आमचं मानधन. साउंड तुमचं असेल तर तो भाग गळतो, पण आधी आमचा माणूस येऊन ऐकून जाईल. मानधन सगळ्यांना सारखं, गाणाऱ्याला जास्त आणि ढोलकीवाल्याला कमी असं नाही. तारीख पक्की करताना अर्धे पैसे, उरलेले कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवर चढण्याआधी. ‘आधी’ या शब्दावर आम्ही अडून बसतो, कारण कार्यक्रम संपल्यावर खजिनदार सापडत नाही, हे कोकणातल्या कुठल्याही दशावतारी कंपनीच्या मालकाला विचारा.

तिकीट लावणार असाल तर ठरलेली किमान रक्कम किंवा तिकिटाचा हिस्सा, दोन्हींपैकी जे जास्त ते. ‘तुमची प्रसिद्धी होईल’ हे मानधन म्हणून चालत नाही. शाळा, वाचनालयं आणि गावातल्या एखाद्याच्या उपचारासाठीचे कार्यक्रम नुसत्या प्रवासखर्चात करतो.

जेवणाचं विचारता म्हणून: मासे चालतात, धावतात. सोमवारी तिघे खात नाहीत.

१३. स्टेज-बिज नको, आमच्या खळ्यात (घरासमोरच्या अंगणात) कराल का?

आनंदाने. खरं सांगायचं तर खळ्यातला कार्यक्रम आम्हाला मोठ्या स्टेजपेक्षा जास्त आवडतो. सारवलेलं खळं, वर मांडव, पन्नास-साठ माणसं, आणि एक छोटा स्पीकर फक्त पेटी व आवाजासाठी. इथे लोक गाणं ऐकतात. मैदानात निम्मे जण वडापावच्या रांगेत असतात. अशा कार्यक्रमाला ठरलेलं मानधन मागत नाही. घरमालकाने प्रवास आणि जेवण बघायचं, बाकी सुपात जे पडेल ते. सूप फिरवण्याचं काम मात्र घरातल्या माणसाने करायचं. आम्ही फिरवलं की लोक संकोचतात, तुमच्या काकींनी फिरवलं की संकोचायची सोय राहत नाही.

परवानगी लागते का? घरच्या माणसांपुरतं, मोठा लाउडस्पीकर न लावता, दहाच्या आत असेल तर आजवर कुणी विचारलेलं नाही. तरी शेजाऱ्याला आधी सांगा, आणि बोलवा.

१४. गणपतीत या ना, सगळे चाकरमानी तेव्हाच गावात असतात!

नाही जमणार. त्या दिवसांत आम्हीही घरोघरी आरत्या-भजनांतच असतो; गौरी-गणपतीत घर सोडून तारीख घेतली तर घरचे उभे करणार नाहीत. शिमग्यालाही तेच. पालखी घरी यायच्या दिवशी माणूस घरात लागतो, आणि प्रत्येकाचं गाव वेगळं, दिवस वेगळा.

आमचा हंगाम दशावताराचाच: तुळशीचं लग्न लागल्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत. त्यातही जत्रांच्या तारखा बघून बोला. कुणकेश्वरची यात्रा महाशिवरात्रीला, ती ठरलेली. पण आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते, देवीचा कौल झाल्यावर कळते, म्हणून त्या सुमाराच्या तारखा आम्ही पेन्सिलीने लिहितो. जून ते सप्टेंबर उघड्यावर कार्यक्रम नाहीत. घाटात दरड येते, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या सावकाश धावतात, आणि ढोलकीची शाई ओल धरून बसते. पावसात हवाच असेल तर बंद नाट्यगृहात करा. मालवणला मामा वरेरकर नाट्यगृह आहे, चिपळूणला इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र.

अवकाळी पावसाने कार्यक्रम बुडाला तर ॲडव्हान्स परत करत नाही, त्याच हंगामातली दुसरी तारीख देतो.

१५. किनाऱ्यावर, समुद्रासमोर कार्यक्रम करायचा आहे. चालेल?

फोटो छान येतात, आवाज वाईट येतो. संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, माइकच्या जाळीत शिरतो आणि स्पीकरमधून नुसती फडफड ऐकू येते. फोमच्या टोप्या घालून काही प्रमाणात भागतं. खारी हवा दुसऱ्या दिवशी वसूल करते: रात्री तारा पुसल्या नाहीत तर सकाळी बोटाला तांबेरा लागतो, आणि साउंड मिक्सरचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा) खरखरायला लागतात. साउंडवाले किनाऱ्याचे जास्त पैसे मागतात, ते बरोबरच आहे.

ग्रामपंचायत, पोलीस ठाणं आणि मेरीटाइम बोर्ड यांच्या परवानग्या आयोजकाने काढायच्या. होड्या ओढण्याची आणि जाळी पसरण्याची जागा सोडून स्टेज घालायचं. कुठली ते रापणकारांना (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना) विचारायचं, पंचायतीला नाही.

अपवाद एकच, पण त्यावर तडजोड नाही. ऑलिव्ह रिडले कासवं जिथे अंडी घालतात, म्हणजे वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा किनाऱ्यांवर, नोव्हेंबरपासून पिल्लं समुद्रात जाईपर्यंत आम्ही रात्रीचा कार्यक्रम घेत नाही. मादी उजेड-गोंगाट असला की वर न येता परत फिरते. अंड्यांतून पिल्लं निघायला ४५ ते ६० दिवस लागतात, आणि बाहेर पडल्यावर ती सर्वांत उजळ दिशेकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. एलईडीचे झगझगीत दिवे लावलेलं स्टेज असलं तर स्टेजची. कासव महोत्सवाला बोलावलंत तर गावात, देवळाच्या सभामंडपात करू.

१६. दशावतार रात्रभर चालतो, मग तुम्ही दहाला का आटपता?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस कोणते हे पोलीस ठाण्यात विचारा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो.

‘माइक बंद करून वाजवा’ असा सल्ला दर वेळी कुणीतरी देतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या बंदीत वाद्यंही आलेली आहेत, त्यामुळे ती पळवाट धड नाही. दशावतार ही गावाची रूढी आहे, तिचा आणि गावाचा काय समजूतदारपणा आहे तो त्यांच्यात. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या बँडने त्या आडोशाला उभं राहू नये. त्यापेक्षा सातला सुरू करा. पाहुण्यांचे सत्कार कार्यक्रमाच्या आधी उरका, मध्ये नको. दहा वाजण्याचं खरं कारण नेहमी शाल-श्रीफळ असतं.

१७. आयोजक म्हणून आम्हाला म्युझिक लायसन्स काढावं लागेल का?

कार्यक्रमात फक्त आमचीच गाणी असतील तर नाही. आम्ही लेखी पत्र देतो, ते फाईलला लावा. पण कार्यक्रमात दुसरा कुणी सिनेमाची गाणी गाणार असेल तर गीत-संगीताचं लायसन्स आयपीआरएसकडून घ्यावं लागतं. मध्यंतरात रेकॉर्ड केलेली गाणी लावणार असाल तर रेकॉर्डिंगच्या मालकाचंही, म्हणजे बऱ्याचदा पीपीएलचं (रेकॉर्ड कंपन्यांच्या वतीने लायसन्स देणाऱ्या कंपनीचं). लोक या दोन्हींची गल्लत करतात: एक गाण्याचं आहे, दुसरं त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचं.

कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीला आणि सरकारी समारंभाला सूट आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळेही आहेत. म्हणजे आरती, भजन, हळद, वरात यांची काळजी नको. गणपतीच्या मांडवात प्रायोजकाचे फलक लावून तिकिटावर ऑर्केस्ट्रा ठेवला तर तो ‘धार्मिक विधी’ आहे असं म्हणणं अवघड जाईल.

१८. स्टेज आणि लाइटचं आम्ही काय बघायचं?

स्टेज सोळा बाय बारा फूट पुरे, खाली फळ्या हलत नाहीत एवढं बघा. सजावट नसली तरी चालेल. अर्थिंग मात्र पाहिजेच, आणि यावर आम्ही थोडे हट्टी आहोत.

गिटारचा ॲम्प एका घरातून घेतलेल्या वायरवर आणि मिक्सर दुसऱ्या घरातून घेतलेल्या वायरवर असला की दोन अर्थिंगमध्ये फरक पडतो. गाणाऱ्याचा हात तारांवर असतो आणि ओठ माइकच्या जाळीला लागतात. मग त्या फरकाचा करंट त्याच्या अंगातून जातो. आपल्याकडे यात भर म्हणजे जांभा दगड. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, मार्च-एप्रिलमध्ये कातळ इतका कोरडा होतो की अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. म्हणून सगळी जोडणी एकाच बोर्डावरून घ्यायची, दुपारी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतायचं, आणि गाणारा माइकजवळ जाण्याआधी आमचा माणूस मल्टिमीटरची एक पिन जाळीला आणि दुसरी गिटारच्या तारेला लावून बघतो. काटा हलला तर कार्यक्रम सुरू होत नाही, समोर आमदार बसलेले असले तरी.

लाइट गेली तर जनरेटर येईपर्यंत आम्ही खाली उतरून गातो. बोंब मारू नका, ऐकू येत नाही.

१९. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आम्ही केलं तर?

करा, वाटा, अटी प्रश्न २ च्याच. प्रेक्षकांनी रेकॉर्ड करून टेपा आपापसांत फिरवाव्यात ही रीत अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने रूढ केली. १९८४ पासून ते रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवत. आमच्याकडे राखीव जागा नाही, पण रेकॉर्डर घेऊन आधी येऊन भेटलात तर मिक्सरमधून लाइन देतो. गावातून घेतलेली गाणी (प्रश्न ८) आणि ओव्या (प्रश्न १०) सोडून. ट्रायपॉड लावून पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या समोर उभं राहणाऱ्यांना आम्ही गाणं थांबवून नाव घेऊन उठवतो.

२०. घुमटाला घोरपडीचं कातडं आहे का?

नाही, बकरीचं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. नादात फरक पडतो हे खरं, पण तुमच्या आजोबांचा जुना घुमट आणून ‘एकदा यावर वाजवा’ असा आग्रह स्टेजवर करू नका.

२१. प्रचारसभेला याल का? निदान गाणं तरी लावू?

सभेला येत नाही, कुठल्याच पक्षाच्या. गाणं लावण्यापुरतं बोलायचं तर परवान्यातच आहे की आमचा पाठिंबा आहे असं भासवता येणार नाही, आणि प्रचाराच्या गाडीवर वाजलेलं गाणं तसंच भासतं. शब्द बदलून उमेदवाराचं नाव घातलंत तर प्रकरण आणखी वेगळं. कायद्याने लेखकाला आपल्या कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध हक्क आहे, आणि परवान्यातल्या वापरासाठी लागते तेवढी मुभा सोडली तर तो आमच्याकडेच आहे.

२२. आमचाही कॉलेजातल्या पोरांचा बँड आहे. तुमच्या आधी दोन गाणी वाजवू द्याल का?

देतो. दोन अटी: गाणी तुमची स्वतःची हवीत, आणि पाच वाजता साउंड चेकला सगळे हजर हवेत. वाद्यं आमची वापरा, पण लीड (गिटारच्या वायरी) आणि पट्टे तुमचे आणा. तुम्हाला मानधन देता येईल की नाही हे आयोजकावर आहे, जेवण मात्र नक्की. गावातलं गाणं घेतलं असेल तर आदल्या दिवशी शाहिराचं नाव कळवा.